बदकीची सहा अंडी

ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात जायला निघताना घड्याळजीच्या बायकोने स्वतःच्या औषधांची यादी केली नाही की कपड्यांची. परसातल्या पाखरांची यादी मात्र नवऱ्याला तीनदा ऐकवली. परसात चार गावठी कोंबड्या, एक भांडखोर कोंबडा आणि दोन टर्की होत्या. बदकांची जोडीही होती, पण आदल्याच आठवड्यात कुंपणाखालून कुत्रा शिरला आणि एका सकाळीत दोन्ही गेली. त्यातली बदकी बाईंच्या मागे मागे थेट चुलीपर्यंत यायची. ती गेल्यावर बाई दोन दिवस धड जेवल्या नव्हत्या. मागे उरली होती तिची सहा अंडी, टोपलीत भुशात जपून ठेवलेली.

एक कोंबडी खुडूक होऊन अंडी उबवायला कोपऱ्यात बसलीच होती. "बदकीची सहा आज हिच्याखाली ठेवा," बाई म्हणाल्या. "कोंबडीची पाच बरोबर आठवड्याने." बदकाच्या पिल्लाला अठ्ठावीस दिवस लागतात, कोंबडीच्या पिल्लाला एकवीस. सात दिवस मागेपुढे ठेवली तर सगळी एकदम बाहेर येतात. नाहीतर आपली पिल्लं निघाली की कोंबडी त्यांना घेऊन चालू लागते, आणि उरलेली अंडी गार पडतात.

घड्याळजी हो हो म्हणाला. हा 'हो हो' बत्तीस वर्षं जुना होता. बायकोने छत्री घ्या म्हटलं की तो हमखास भिजून यायचा, उशीर नको म्हटलं की शेवटच्या बसने यायचा. मनात वाईट काही नसे. आपल्याला तिच्यापेक्षा थोडं जास्त कळतं, एवढाच त्याचा समज होता. खुडूक कोंबडी टोचायला येते, तिला पुन्हा आठवड्याने कोण डिवचणार? अंडं ते अंडं, असं म्हणत त्याने अकराच्या अकरा अंडी एकाच संध्याकाळी तिच्याखाली सारली. जगाची घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला सात दिवस किरकोळ वाटले.

ऑपरेशन झालं, पण जखम चिघळली आणि दोन आठवड्यांचा मुक्काम लांबला. मुलगी आईजवळ राहिली होती. हॉस्पिटल बसने दोन तासांवर होतं. घड्याळजी दोनदा जाऊन आला. खाटेशेजारच्या खुर्चीत तो अवघडून बसे, सलाइनच्या थेंबांकडे बघत राही, आणि बायकोकडे बघायची वेळ आली की बसची वेळ झाली म्हणून उठे. खरं सांगायचं तर तो घाबरला होता. आयुष्यभर बिघडलेली यंत्रं उघडून बसणाऱ्या त्या माणसाला इथे हात लावण्यासारखं काहीच नव्हतं.

एकविसाव्या दिवशी सकाळी पिल्लं निघाली, पाचही. घड्याळजीने मोठ्या ऐटीत फोन लावला आणि खुराड्याजवळ धरला. चिवचिव ऐकून बायको खूश होईल असं त्याला वाटलं होतं.

"सगळी एकदमच ठेवलीत ना?" तिने विचारलं.

त्याने फोन खुराड्यापासून मागे घेतला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त दम खात खात पुढचं सांगितलं. खोक्यात भुसा घालून बदकीची अंडी ठेवा, कामाच्या टेबलावरचा दिवा वर टांगा, शेजारी ओलं फडकं ठेवा, दिवसातून चारदा अंडी फिरवा, आणि हात लावून बघत जा, फार तापली तर दिवा वर ओढा.

यावेळी घड्याळजीने अक्षर न् अक्षर पाळलं. दुकानाला कुलूप लावलं आणि खोक्यापाशी ठाण मांडलं. घड्याळातलं केसाएवढं चक्र उचलणारी बोटं तो अंड्यांवर ठेवायचा आणि दिवा दोन बोटं वर, एक बोट खाली करत राहायचा. पंचविसाव्या दिवशी एक अंडं कानाशी धरलं तर आत टकटक ऐकू आली. त्याने लगेच फोन केला. बायकोचा आवाज फार खोल गेला होता.

"मी उद्या येतो तिकडे," तो म्हणाला.

"नका येऊ. ती एकटी पडतील."

"शेजारणीला बसवतो."

"तिला कोंबडी आणि कावळा यांतला फरक कळत नाही," ती म्हणाली, आणि हसायला गेली तर खोकला आला. "तुम्ही तिथेच थांबा. माझ्याजवळ पोरगी आहे."

घड्याळजी थांबला. एकदा चूक केली होती, आता बायको म्हणेल तीच पूर्वदिशा, असं त्याने मनाला बजावलं. आणि ती खुर्ची, ते थेंब, तो वास टळला म्हणून आतून जरा हायसंही वाटलं. ते त्याचं त्यालाच कळलं, आणि त्याने ते दाबून टाकलं.

सव्विसाव्या दिवशी दुपारी मुलीचा फोन आला. तो पोचला तेव्हा खाटेवरची चादर डोक्यापर्यंत ओढलेली होती.

अठ्ठाविसाव्या दिवशी घर माणसांनी भरलेलं असताना बदकाची चार पिल्लं बाहेर आली. शेजारणीने तेवढे दोन दिवस दिवा व्यवस्थित सांभाळला होता, कावळ्याचा फरक कळत नसूनही. येणारा जाणारा खोक्यात डोकावून म्हणे, तिचा जीव यांच्यातच होता हो, तुम्ही तिची इच्छा पुरी केलीत. घड्याळजी मान हलवत होता. त्या शब्दांचा त्याला आधार वाटू लागला होता.

माणसं पांगल्यावर मुलगी खोक्याशेजारी येऊन बसली. त्याने तिला विचारलं, शेवटी आईने पिल्लांचं काही विचारलं का.

"नाही, पिल्लांचं काही नाही," ती म्हणाली. "तुमचीच वाट बघत होती. खाटेजवळच्या खुर्चीत मलाही बसू देईना. मी म्हटलं, अगं, तूच तर त्यांना येऊ नका म्हणालीस. तर म्हणाली, माझं त्यांनी कधी ऐकलंय? नको म्हटलंय ना, म्हणजे येतीलच बघ."