एका हाताने घालायची खोळ

दुलईच्या खोळीकडे कुणी निरखून पाहत नाही, मित्रांनो. पाहतात ते तिच्यावरच्या फुलापानांकडे. माझ्यावर तर फुलेही नाहीत. मी साध्या पांढऱ्या सुती कापडाची, आता बरीच जुनी झालेली, मधोमध थोडी विरलेली खोळ आहे. पण मला उलटी करून बघा. माझे सगळे आयुष्य आतल्या बाजूला, शिवणींत आहे. ते सांगताना माझी मान जरा ताठ झाली तर चालवून घ्या. खोळीला मान नसते हे मला ठाऊक आहे, तरीही.

माझा जन्म ताडपत्र्या शिवणाऱ्या कारखान्यात झाला. एक लांबलचक खोली, जमिनीवर पसरलेले हिरवे-निळे जाड कापड, आणि दाभणाएवढ्या सुयांची यंत्रे. मालट्रक झाकायचे, तंबू उभे करायचे, असली दणकट कामे तिथे चालत. ती करणाऱ्या एका कसबी कारागिराला सगळे मास्तर म्हणत. मास्तरांची बोटे इतकी खरखरीत होती की माझे कापड त्यांना अडकून ओढले जाई. आयुष्यात त्यांनी शिवलेली मऊ अशी पहिली वस्तू म्हणजे मी.

मला शिवायचे कारण होते त्यांची बायको. ती एका मोठ्या हॉटेलात खोल्यांच्या बिछान्यांची प्रमुख होती. हाताखालच्या मुली तिला नुसते 'बाई' म्हणत आणि चळाचळा कापत. चादर झटकून तिने हवेत सोडली की मधली घडी बरोबर गादीच्या मध्यावर उतरायची. मग एका सकाळी चहाचा कप तिच्या हातातून निसटला, आणि त्याच्यामागोमाग ती स्वतः खाली कोसळली. अर्धांगाचा झटका होता. काठीच्या आधाराने पाय हळूहळू चालू लागला, उजवा हात मात्र परतला नाही. मांडीवर ठेवावा तर मांडीवरच पडून राही.

घरातला बिछाना आता मास्तर घालू लागले. जुन्या खोळीचे तोंड पायाकडे, तेही अरुंद. दुलई ते आत कोंबत आणि वरून दोन थापा मारत. सकाळी बघावे तर दुलईचा गोळा पायाशी आणि बाईच्या छातीवर नुसती रिकामी खोळ. बाई गारठून जायची, पण बोलायची नाही. जिने इतक्या अनोळखी माणसांना सुखाने झोपवले, तिने आपल्या बिछान्याबद्दल कुरकुर कशी करावी?

त्यांची लेक दुसऱ्या गावी नोकरीला होती. ती भेटायला आली तेव्हा तिने हे सगळे पाहिले.

"आई, तू माझ्याकडे चल. बाबांनाही आणू मागाहून."

"माझं घर आहे हे. का सोडू?"

"बाबा दिवसभर कामावर. तू एकटी. अगं, तुला स्वतःचं अंथरूणसुद्धा घालता येत नाही आता!"

लेक प्रेमापोटी बोलली होती. पण ते वाक्य बाईच्या वर्मी लागले. हिवाळा सरता सरता मी न्यायला येते, असे सांगून लेक गेली. बाई खिडकीशी बसून राहिली.

"मी शिवतो तुला खोळ," मास्तर म्हणाले.

आजारपणानंतर बाई पहिल्यांदा हसली. "तुम्ही? तुम्ही ट्रक झाकता. मी काय ट्रक आहे?"

मास्तरांनी ते मनावर घेतले. कापड आणले आणि न धुताच कापले. कोऱ्या सुती कापडाला आधी धुऊन आटू द्यायचे असते, पण ताडपत्री कुठे आटते? त्यांना ते सुचलेच नाही. कापडाची रुंदी दुलईला पुरेना, म्हणून त्यांनी दोन पट्टे बरोबर मधोमध जोडले. जोडही ताडपत्रीला घालतात तसा, दुमडून दुमडून, दुहेरी शिलाईचा. मुसळधार पाऊस पडला असता तरी थेंब आत गेला नसता. पायाकडच्या तोंडाला पितळी टिचबटणे लावली आणि मला खांद्यावर टाकून ते मोठ्या ऐटीत घरी गेले. मीही ऐटीतच होते. मला काय माहीत!

बाई दुपारी माझ्याखाली आडवी झाली आणि थोड्याच वेळात उठून बसली.

"अहो, पोटावर दोरखंड ठेवल्यासारखं वाटतंय."

पहिल्या धुण्यात मी आटले. दुलई माझ्या आत अंग चोरून बसू लागली. आणि टिचबटणे लावायची तर एका हाताने खालचे धरायचे, दुसऱ्याने वरचे दाबायचे. बाईने दातांत धरून पाहिले, गुडघ्याखाली दाबून पाहिले. शेवटी तिने मला भिंतीकडे भिरकावले.

"राहू द्या. लेकीकडेच जाते मी."

 मास्तरांनी मला उचलले, झटकले आणि कारखान्यात नेऊन उसवायला घेतले. कारखान्यातले कारागीर काम थांबवून बघत राहिले, कारण मास्तरांनी आपली शिलाई उसवलेली कुणी पाहिली नव्हती. प्रत्येक टाका तुटताना टक् असा आवाज येई. मला वाटले, संपले आपले. पण दुसऱ्या दिवशी मास्तर बाईला सोबत घेऊन आले. काठी टेकत ती आली, खुर्चीवर बसली, आणि हॉटेलातला तिचा जुना आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"जोड मध्ये नको. एक पट्टा अख्खा मध्ये ठेवा. दुसरा उभा चिरा आणि दोन्ही बाजूंना लावा. म्हणजे जोड पलंगाच्या कडेला लोंबतील, अंगावर येणार नाहीत."

"चांगल्या अख्ख्या पट्ट्याला चिरू?"

"चिरा! झोपणाऱ्याला अख्खा पट्टा दिसत नाही, त्याला शिवण टोचते."

मास्तरांनी चिरले. आटून कमी पडलेली रुंदी भरायला आणखी कापड आले, ते मात्र धुऊन, वाळवून, मगच. हनुवटीशी येणाऱ्या काठाची शिवण बाईने बारीक करायला लावली आणि कापडाच्या कडा शिवणीतच दडवायला लावल्या. तिथे बोट फिरवले तर आजही काही लागत नाही. दुलई आत सरकू नये म्हणून आतल्या चारही कोपऱ्यांना नाड्या लावल्या, दुलईच्या कोपऱ्यांना बांधायला.

घरी आल्यावर बाईने एकटीने मला घालायला घेतले. पहिल्याच कोपऱ्याशी अडले. नाडीची गाठ एका हाताने बसेना. शिवाय दुलई पायाकडून आत ढकलावी तर वरचे टोक धरून ओढायला दुसरा हात हवा. बाईने खूप झटापट केली. मग ती माझ्यावर डोके ठेवून रडली. माझे कापड ओले झाले, आणि मित्रांनो, त्या घटकेला मला माझ्या सुंदर बारीक शिवणीचा काडीचाही अभिमान वाटला नाही.

मास्तर शेजारी जमिनीवर बसले होते. बराच वेळ त्यांनी माझे तोंड उघडून आत पाहिले. मग एकदम म्हणाले, "अगं, ट्रकवर ताडपत्री कुणी पिशवीसारखी घालतं का?"

"म्हणजे?"

"आधी पसरतात. मग माल, मग वरचा पदर, मग कडा अडकवतात. आपण दुलई पोत्यात भरतोय. चूक तिथे आहे. तुझ्या हाताची चूक नाही ती."

मी पुन्हा उसवली गेले, या वेळी आनंदाने. त्यांनी माझी पायाकडची बाजू पूर्ण उघडी ठेवली आणि एक लांब बाजूही उघडी ठेवली. मी आता पुस्तकासारखी उघडत होते. नाड्या गेल्या. दुलईच्या कोपऱ्यांना कडक फितीचे फासे लागले, हात न लावताही उघडे राहणारे. माझ्या कोपऱ्यांत बोटभर लांबीच्या लाकडी खुंट्या आल्या. खुंटी फाशात सरकवायची आणि आडवी होऊ द्यायची, बस्स. कडांना टिचबटणांऐवजी मोठ्या लाकडी गुंड्या बसल्या, आणि प्रत्येक गुंडीखाली मास्तरांनी दोरा गुंडाळून उंच देठ केला, म्हणजे ती कापडावर उभी राहावी आणि एकाच हाताला सापडावी. "पायाची बोटं गुंड्यांत अडकतील," बाई म्हणाली, म्हणून आतून एक रुंद पट्टीही आली. या शिवणीत कोण कुणाला शिकवत होते ते सांगता येणार नाही. दोघे भांडत होते एवढे मात्र खरे, आणि भांडताना दोघांचेही चेहरे उजळलेले होते.

हिवाळा सरता सरता लेक आली. तिने आल्या आल्या पलंगाखालची आईची बॅग बाहेर ओढली. बाई म्हणाली, "बस जरा. अंथरूण घालते, मग बोलू."

लेक मदतीला उठली. मास्तरांनी तिचा दंड धरून तिला परत खुर्चीत बसवले.

बाईने मला पलंगावर पसरले आणि माझा वरचा पदर उलगडून बाजूला टाकला. डाव्या हाताने दुलई ओढून खालच्या पदरावर आणली, थोडी थोडी, कोपऱ्याकोपऱ्याने. कापड सरकू लागले तेव्हा तिने आपला निर्जीव उजवा हात डाव्याने उचलला आणि माझ्या काठावर ठेवला, कापडावर वजन ठेवावे तसा. इतके दिवस नुसता मांडीवर पडून असलेला तो हात त्या दिवशी कामाला आला! मग एक खुंटी, दुसरी खुंटी. ती काठी टेकत पलंगाला वळसा घालून गेली. राहिलेल्या दोन खुंट्या. वरचा पदर परत दुलईवर आला. शेवटची गुंडी लागायला वेळ लागला. लेकीचे हात शिवशिवत होते, पण ती बसून राहिली. गुंडी लागली. बाईने माझ्या दोन कडा एकामागून एक उचलून झटकल्या, आणि माझ्या आत दुलई कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सपाट पसरली.

 लेकीने डोळे पुसले, आणि बाहेर काढलेली आईची बॅग पायाने पलंगाखाली परत सरकवली.

"मलाही एक अशीच शिवून द्या बाबा," ती म्हणाली. "माझे दोन्ही हात धड आहेत, तरी माझी दुलई रोज पायाशी गोळा होते."

त्यानंतर मी कितीतरी वर्षे त्या पलंगावर राज्य केले. दर धुण्यागणिक मी मऊ होत गेले. पण वाईट दिवस मलाही चुकले नाहीत. लेकीने एकदा मोठ्या हौसेने आईसाठी दुकानातला महागडा संच आणला. रेशमासारखी चकाकणारी खोळ, मोरपंखी रंगाची. मला घडी करून घरच्या शिवणयंत्रावर टाकले गेले. धूळ अडवायला! मी तिथे रुसून पडले होते. नवी खोळ वाईट नव्हती, उगाच खोटे का बोलू? हात फिरवला तर पाण्यावरून फिरवल्यासारखे वाटे. पण दुलई तिच्यात घसरून जाई, तोंड पुन्हा अरुंद, आणि ती घालायला रोज मास्तरांची वाट बघावी लागे. लेकीचे मन राखायला बाईने ते सोसले. मग एके दिवशी तिने मला शिवणयंत्रावरून ओढून काढले.

"ती देखणी आहे हो," ती मास्तरांना म्हणाली. "पण ती मला माझ्याच घरात पाहुणी करते."

आता माझ्या म्हातारपणातली एकच गोष्ट सांगते. बाई ज्या दवाखान्यात हाताच्या व्यायामाला जायची, तिथल्या व्यायाम घेणाऱ्या डॉक्टरबाईंनी माझ्याबद्दल ऐकून मला दुलईसकट मागवून घेतले. तिथे एक निवृत्त बसचालक येत. अंगाने धिप्पाड, एक बाजू लुळी, आणि तोंड कायम वाकडे. त्यातले थोडे आजाराने आणि बरेचसे रागाने. त्यांची बायको त्यांना जेवू घाली, बटणे लावी, बूट चढवी. बाईने मला तिथल्या पलंगावर पसरले.

"मी जन्मभर बस चालवली," ते गुरगुरले. "खोळी घालत नव्हतो."

"मीसुद्धा एका हाताने घालत नव्हते. या इकडे."

"आणि नाही जमलं तर?"

"तर शिवण बदलू. घरी मास्तर बसलेत रिकामे."

ते आले. पहिली खुंटी दोनदा सुटली. त्यांची बायको सवयीने पुढे धावली, तर बाईने काठी आडवी धरली. तिसऱ्या वेळी खुंटी फाशात बसली. पुढच्या त्यांनी घामाघूम होऊन लावल्या. गुंड्या लावताना त्यांची जीभ लहान मुलासारखी ओठांबाहेर आली होती. शेवटची गुंडी लावून त्यांनी मला एकदा थोपटले आणि मागे वळून बायकोला म्हणाले, "बस की आता. उभी का?"

ती माऊली माझ्याच काठावर टेकली. कितीतरी महिन्यांत ती अशी काही न करता बसली नसावी. तिचे वजन माझ्या शिवणीवर आले आणि शिवणीने ते पेलले.

मित्रांनो, माझी काळजी घ्यायची असेल तर मला धुताना उलटी करा, गुंड्या लावून मगच टाका, आणि पिळताना दया दाखवा. पण माझे खरे मागणे वेगळे आहे. तुमच्या घरात कुणाच्या हातून एखादे काम निसटत असेल, तर त्या हाताला बोल लावू नका. ते काम आतून कसे शिवले आहे ते पाहा. उसवायला हरकत नाही. मी सांगते, फारसे दुखत नाही.