डावं बटण

"मॅडम, ती चिंधी सोडू नका. पाया पडते तुमच्या."

सर्किटबाईंनी पुढं केलेला हात मागे घेतला. प्रेसच्या डाव्या बटणावर चिंधी करकचून बांधली होती आणि स्टुलावर बसलेली मावशी त्यांच्याकडे एकटक पाहत होती.

सर्किटबाई हे नाव ऑफिसनं ठेवलेलं. कुठलं बटण दाबल्यावर यंत्र चालेल, कशानं थांबेल, हे त्या कागदावर आखत आणि मग तसं पॅनेल बनून कारखान्यात जाई. पत्र्याचे तुकडे दाबणारी ही प्रेसही त्यांचीच, आणि आज त्या ती तपासायला कारखान्यात आल्या होत्या. दोन हातांनी दोन बटणं एकदम दाबली तरच ती खाली यायची, म्हणजे त्या वेळी हात प्रेसखाली असण्याचा प्रश्नच नको. चिंधीनं डावं बटण दाबून ठेवलं, की डावा हात मोकळा. आणि मोकळा हात कुठं जाईल याचा नेम नाही.

"मावशी, एक दिवस बोटं जातील हो."

"डावा वर जातच नाही. खांदा आखडलाय. पण बोलू नका कुणाला. पॅकिंगला टाकतील. तिथं गेलेली बाई मशीनवर परत येत नाही."

"नाही सांगत," सर्किटबाई म्हणाल्या.

त्यांनी शब्द पाळला. पण ते बटण तसं सोडून जाणंही त्यांना जमेना. पॅनेल उघडून त्यांनी वायरिंग बदललं. आता प्रत्येक वेळी दोन्ही बटणं सुटल्याशिवाय प्रेस पुन्हा खाली येणार नव्हती. चिंधीचा उपयोग संपला.

मावशीनं दात आवळून काम रेटलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिचा हात खांद्यापाशीच अडकला. सुपरवायझरनं ते पाहिलं आणि तिला पॅकिंगच्या टेबलावर पाठवलं. जाताना तिनं नुसता आपला डबा उचलला.

सर्किटबाईंनी केलं त्यात चुकीचं काहीच नव्हतं. तरीही त्यांना डबा उघडावासा वाटेना. प्रेस बंद होती. त्या मावशीच्या स्टुलावर जाऊन बसल्या आणि हात वर करून बटणं दाबू लागल्या. थोड्याच वेळात मानेपासून कोपरापर्यंत कळ आली. बटणांची उंची त्यांनी उभ्या माणसाच्या हिशेबानं धरली होती. इथं बायका दिवसभर बसून काम करत होत्या, आणि आजवर सर्किटबाई स्वतः या स्टुलावर कधी टेकल्या नव्हत्या.

घरी आल्या आल्या त्यांनी मेजरिंग टेप काढला. "आई, जरा खुर्चीत बसून दोन्ही हात वर धरा बरं."

"का गं? पोलीस आलेत की काय?" सासूबाई म्हणाल्या, पण बसल्या. हात थोडे वर गेले आणि आपोआप मांडीवर उतरले. "इथं बरं वाटतं बघ."

नवऱ्यानं टेपचं दुसरं टोक धरलं. "काय चाललंय ते मला कळेल का?"

"माझी चूक मोजतेय," त्या म्हणाल्या. त्यानं टेप ताणून धरला.

ऑफिसात साहेब वैतागले. "एकीचा खांदा दुखतो म्हणून ड्रॉइंग बदलायचं?"

"मी बसून बघितलं साहेब. माझाही दुखला. खांदा दुखणारी ती एकटीच असेल असं वाटतं तुम्हाला?"

साहेबांनी पेनचं टोपण लावलं. "करा. पण उगाच पसारा वाढवू नका."

नवीन स्टँड घेऊन सर्किटबाई स्वतः गेल्या. बटणं आता मांडीच्या उंचीवर होती आणि कोपर टेकायला पट्टी होती.

"मावशी पॅकिंगला रुळल्यात आता," सुपरवायझर म्हणाला.

"त्यांनी वापरून बघितल्याशिवाय मी सही करणार नाही."

मावशी आली. स्टँडकडे पाहिलं, बाईंकडे नाही.

"सांगत नाही म्हणाला होतात."

"सांगितलं नाही मावशी."

"सांगायची गरजच कुठं पडली? तुमच्या वायरींनीच सांगितलं."

सर्किटबाईंनी स्टूल स्टँडजवळ सरकवलं. मावशी स्टुलावर बसली, कोपरं पट्टीवर टेकवली. दोन्ही तळवे बटणांवर ठेवून क्षणभर थांबली आणि दाबले. प्रेस धाडकन खाली आली, वर गेली. तिनं तुकडा काढला, दुसरा ठेवला, पुन्हा दाबलं. खांदा हलला नाही. मग तिचे हात एका लयीत चालू लागले. चेहऱ्यावर मात्र काही उमटलं नाही.

बघता बघता पत्र्यांचा ट्रे रिकामा झाला. आजूबाजूला कुणी नव्हतं. सुपरवायझर फोनवर बोलत लांब गेला होता.

"ट्रे द्या," मान वर न करता मावशी म्हणाली.

सर्किटबाईंनी पर्स खाली ठेवली, दोन्ही हातांनी भरलेला ट्रे उचलला आणि तिच्यासमोर नेऊन ठेवला.