सतरा नंबरचा भुईमूग

पीएच.डी.च्या व्हायवाला बाहेरचा परीक्षक हवा असतो. मार्गदर्शकानं चार नावं सुचवायची आणि विद्यापीठानं त्यातलं एक निवडायचं. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक कृष्णात चौगुले प्रत्येक विद्यार्थ्याच्या वेळी चौथं नाव नागपूरच्या डॉ. निशा कांबळे यांचं घालायचे, आणि विद्यापीठ दरवेळी दुसऱ्याच कुणाला तरी बोलवायचं. यंदा रूपालीच्या वेळी निशाचं नाव निघालं. तिचा होकार आला आणि पन्नाशी उलटलेला हा गृहस्थ, परीक्षा आपलीच असल्यासारखा, दोन दिवस धड जेवला नाही.

त्याला तिला एकच गोष्ट सांगायची होती आणि त्या गोष्टीला पंचवीस वर्षं उशीर झाला होता. दोघांनी कोल्हापुरात एकाच टेबलावर बसून पीएच.डी. केली. विषय भुईमुगाचा. पाणी तोडलं, ताण दिला की झाड काय करतं? ती मलकापूरच्या बौद्ध गुरुजींची मुलगी, हा गडहिंग्लजकडच्या मराठा शेतकऱ्याचा मुलगा. घरी कळलं तर काय होईल याचं भय त्याला होतंच. पण त्याहून वाईट त्याची खोड. मनातलं बोलणं तो पुढच्या हंगामावर ढकलायचा. एवढं पीक निघू दे, मग बोलू. पीक निघालं तोवर निशा नागपूरला नोकरीवर गेली, तिथंच तिचं लग्न झालं. ह्यानं केलंच नाही. घरचे मुली दाखवून दाखवून दमले.

व्हायवाच्या दिवशी निशा कोल्हापूरला आली. केस पांढरे, डोळ्यांवर चष्मा, आवाज मात्र तोच. चारचौघांत तिनं त्याला 'चौगुले सर' म्हटलं. रूपालीला तिनं तासभर पिळून काढलं. मग एका तक्त्यावर बोट ठेवून विचारलं,

"हा सतरा नंबर इथं कशाला घेतलाय? ताण दिला तरी जगतो, पण शेंगा दोन-चारच धरतो. पाणी दिलं तरी तीच रड. असला वाण कुणी सांभाळतं का?"

सगळे हसले. रूपाली बिचारी सरळ मुलगी. म्हणाली, "मॅडम, तो आमच्या सरांचा आहे. सर दरवर्षी पेरायला लावतात."

तो नुसता सरांचा नव्हता. संध्याकाळी कळीतले पुंकेसर चिमट्यानं काढायची निशा आणि सकाळी दुसऱ्या झाडाचे पराग आणून द्यायचा कृष्णात. त्या संकरातून हा सतरा नंबर झाला होता. दर उन्हाळ्यात त्याला पिवळी फुलं आली की कृष्णातचा जीव नागपूरकडं ओढ घ्यायचा. कामं सुचायची नाहीत.

"दरवर्षी? कशाला?" निशानं आता रूपालीकडं नाही, त्याच्याकडं बघून विचारलं.

"भुईमुगाचं बी डब्यात घालून टिकत नाही, मॅडम," तो उठून म्हणाला. "जिवंत ठेवायचं तर पेरत राहावं लागतं."

शास्त्राला धरून उत्तर होतं. लोकांनी माना डोलावल्या. निशा प्रबंधाची पानं उलटत राहिली.

रूपाली डॉक्टर झाली, पेढे वाटले, जेवणं झाली. दुपारच्या नागपूरच्या गाडीला निशाला सोडायला कृष्णात स्वतः निघाला. शाहूपुरीतून जाताना तो रस्त्यावरच्या खड्ड्यांवर बोलला, गुळाच्या भावावर बोलला. मनातलं काढायची वेळ आली की मूग गिळून गप्प. स्टेशन आलंसुद्धा.

डब्याच्या दारात उभी राहून शेवटी तीच म्हणाली, "कृष्णात, तेव्हा मी तिकीट बदललं होतं. ठाऊक हाय तुला?"

"कधी?"

"जायच्या वेळी. आठवडाभर होस्टेलवर बसून होते. म्हटलं, येशील, काहीतरी बोलशील."

"मी रानात होतो, निशा. तुझ्याच प्रयोगाच्या शेंगा काढत होतो. वळीव सुरू झालता. भुईत राहिल्या असत्या तर कोंब फुटून तुझं वर्ष वाया गेलं असतं. म्हटलं, वजनं घेऊनच येतो, आणि मग बोलतो."

"वजनं पोचली की पोस्टानं. एक शेंग चुकली नव्हती." ती हसली आणि तिचे डोळे भरून आले. "गेलं असतं वर्ष तर गेलं असतं रे."

गाडीनं भोंगा दिला.

"राहा की," कृष्णात म्हणाला.

"आत्ता?"

"न्हाय. तेव्हा."

निशानं दाराच्या दांड्यावरच्या त्याच्या हातावर आपला हात ठेवला.

"व्हय," ती म्हणाली.

गाडी हलली. तो तिच्या बरोबरीनं चालत राहिला, फलाट संपेपर्यंत.