डावीकडची वाट

"दादा, बोलू नकोस. बोललास की मान हलते."

"मग तू बोल की. तू गप्प बसलीस की मला धडकी भरते," भाऊ म्हणाला. उजवी मान उघडी टाकून, तोंड भिंतीकडे करून तो उताणा पडला होता.

सिस्टरनं, म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीनं, सोनोग्राफीचं यंत्र पुन्हा त्याच जागी टेकवलं. ही पाचवी वेळ. बावीस वर्षं ती डायलिसिसच्या या खोलीत माना पाहत आली होती. पडद्यावर दोन काळे गोल दिसतात. ठोके देते ती धमनी, तिच्या वाटेला जायचं नाही. शेजारची मोठी ती शीर. वरून जरा दाबलं की ती चपटी झाली पाहिजे. म्हणजे आतून मोकळी आहे, डायलिसिसची नळी घालायला हरकत नाही. भावाची शीर चपटी होत नव्हती. आत रक्त साखळून बसलं होतं. तिनं जेल पुसलं, नवं लावलं, कोन बदलला, मनातल्या मनात देवाला साकडं घातलं. शीर ढिम्म.

"सिस्टर, दबतेय का?" हात धुता धुता डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"बघतेय."

"किती वेळ बघणार?"

सहा महिन्यांपूर्वी याच शिरेतली नळी खराब झाली, तेव्हाच डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आता मानेचा नाद सोडा, डाव्या हाताचं ऑपरेशन करून तिथली शीर सुया टोचण्याजोगी करून घ्या. भाऊ लिफ्ट दुरुस्त करणारा. त्या हातानं जड उचलायचं नाही म्हटल्यावर त्याचा चेहराच पडला. "नव्या इमारतीचं काम तेवढं होऊ दे, छोटे. तुझा शब्द चालतो इथे." शब्द चालायचा खरा. तिनं तारीख पुढे ढकलून घेतली आणि त्याच शिरेत पुन्हा नळी बसली. आता तीही बंद पडली होती. ती बसली त्या दिवशी आपण किती खूश होतो, हे आठवून तिला आता स्वतःचीच लाज वाटली.

"दबत नाही, मॅडम," ती म्हणाली. "बंद झालीय."

"मग डावीकडून. तिकडची वाट वळणाची आहे, नळी लांब लागेल."

"आणि हात?" भावानं विचारलं.

तीच म्हणाली, "डाव्या मानेत नळी असली की त्या बाजूच्या हाताचं रक्त परतायला अडचण होऊ शकते. म्हणून आता उजवा हात."

"उजवा?" त्यानं तो हात वर करून पाहिला. पेरांत ग्रीस कायमचं मुरलं होतं. "पाना याच हातात असतो गं."

"माझ्यामुळे झालं, दादा."

"मी गळ घातली, तू ऐकलंस. दोघं सारखेच शहाणे." तो हसला, पण हसू काही टिकलं नाही.

बाजू बदलली म्हणून संमतीचा नवा कागद आला. त्यावर सही करून त्यानं तोंड उजवीकडे फिरवलं. मान धरायला ती पुढे झाली. तिनं त्याची हनुवटी धरली, सोडली, पुन्हा धरली.

"छोटे, तू बाहेर थांब. दुसऱ्या कोणाला तरी धरू दे."

"मी करते रे."

"थांब म्हणतोय ना."

ती बाहेर आली. दारासमोर नातेवाइकांचा बाक होता. तिथल्या म्हातारीनं सरकून जागा केली. "तुमचं कोण आहे आत?"

"भाऊ," ती म्हणाली आणि हातमोजे न काढताच बसली.