सातव्या डब्याचं झाकण

“आई, चष्मा लाव. सुरुवात चुकली तर पुढचं काही कळायचं नाही,” असं म्हणत यतीनने पडदे ओढले.

फ्लॅट बुशमधल्या यतीनच्या ऐसपैस घरात भर दुपारी अंधार झाला. जुलै महिना, म्हणजे या देशातला ऐन हिवाळा; बाहेर झोंबणारा गारवा. मंदाताईंनी शाल गुडघ्यांवर ओढून घेतली. टीव्हीवर समुद्र उसळला, काळं-पांढरं दीपगृह दिसलं. एकोणपन्नास वर्षांनी तोच समुद्र. तेव्हा त्याच्यावर सतत रेघांचा पाऊस पडायचा. आता तो लख्ख धुतलेला होता.

यतीनचा मित्र देवव्रत कोपऱ्यावरच्या डेअरीतून, म्हणजे इथल्या किराणा दुकानातून, चिप्स घेऊन आला होता. पुडा फोडत त्याने विचारलं, “काकू, हा तुम्ही थिएटरात पाहिलेला असणार ना?”

“अर्धा,” मंदाताई म्हणाल्या.

“अरे, तीच तर गंमत आहे!” यतीन सरसावून बसला. “आमचे बाबा बार्शीच्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. एका मॅटिनीला बाबांनी सातव्या रिळाच्या जागी पंधरावं चढवलं. इंटरव्हलच्या आधीच खुनी पब्लिकसमोर हजर! बाहेर बोर्ड लावलेला, ‘शेवट कोणालाही सांगू नका’. आणि आमच्या बाबांनी अख्ख्या बार्शीला सांगून टाकला!”

देवव्रतला हसता हसता ठसका लागला. कार्पेटवर पालथी पडलेली निवेदिता ओरडली, “डॅड! नो स्पॉयलर्स!”

हा किस्सा मंदाताईंच्या दिरांनी, सुरेशकाकांनी, यतीनला लहानपणी सांगितला आणि तेव्हापासून तो घरचाच झाला. बारशात, लग्नात, अगदी यतीनच्या बाबांच्या, पुरुषोत्तमरावांच्या तेराव्यालाही तो निघाला होता. दर वेळी मंदाताई सगळ्यांबरोबर हसल्या होत्या. नवराही हसायचा. तेच जास्त सलायचं.

रत्नमाला टॉकीजच्या केबिनमध्ये बायकांना मज्जाव होता. खरं तर ऑपरेटरशिवाय कुणालाच आत जाऊ द्यायचे नाहीत. फिल्म पेट घेते म्हणायचे. पण लग्नाला चारच महिने झालेले. जेवणाचा डबा घेऊन मंदा मागच्या जिन्याने वर गेली, तेव्हा पुरुषोत्तम खाली मालकांकडे गेलेला. भिंतीशी रिळांचे सोळा डबे रांगेने मांडलेले, वर बोटभर धूळ आणि तेलाचे ओघळ. तिने पदर खोचला. सगळी झाकणं काढली, ओल्या फडक्याने पुसली आणि पुन्हा एकेक बसवून दिली. आकडे डब्यांवर नव्हते, झाकणांवर होते. हे तिच्या ध्यानात आलं ते संध्याकाळी, गल्लीत बोभाटा झाल्यावर.

त्याच दिवशी मालकांनी केबिनची किल्ली काढून घेतली. पुरुषोत्तम तेलाच्या गिरणीत वजनकाट्यावर लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. पुन्हा म्हणून थिएटरची पायरी चढला नाही. पुढे घरात टीव्ही आला. जुना सिनेमा लागला की तो गोष्ट बघत नसे, उजवा कोपरा बघत असे. रीळ संपायच्या आधी तिथे एक ठिपका चमकतो, तेव्हा दुसरं मशीन सुरू करायचं, दुसरा चमकला की पडद्यावर तेच घ्यायचं, हे त्यानेच तिला शिकवलं होतं. ठिपका आला की मांडीवरचं त्याचं बोट आपसूक उचललं जायचं.

“बघ आता,” यतीन घड्याळाकडे बघत देवव्रतला म्हणाला, “तास होत आला. इथेच कुठेतरी बाबांनी माती खाल्ली. रिळाच्या सुरुवातीच्या पट्टीवरही आकडा असतो म्हणे, तो तरी वाचायचा!”

“झाकणं मी बदलली होती,” मंदाताई म्हणाल्या.

“काय?”

“डब्यांची झाकणं. पुसायला काढली आणि सातव्याचं झाकण पंधराव्यावर बसवलं. मी. त्यांनी नाही.”

यतीनने रिमोट दाबला. दीपगृहाच्या पायऱ्या चढणारी नायिका एक पाय उचलून थांबली. देवव्रतने चिप्सचा पुडा हळूच खाली ठेवला.

“मग बाबांनी मालकांना सांगितलं का नाही?”

“काय सांगणार? बायको केबिनमध्ये आली होती म्हणून? त्याचीही चोरीच होती. पट्टी बघायची राहिली, माझीच चूक, एवढंच बोलले.”

“आणि घरी?”

“घरी मी काही बोलले नाही. त्यांनीही कधी विचारलं नाही.”

“म्हणजे त्यांना ठाऊकच नव्हतं?”

मंदाताईंनी शालीची कड दुमडली, उलगडली. “झाकणं चकचकीत होती रे. ते कधी पुसत नसत.”

यतीनने रिमोट बाजूला ठेवला. मग म्हणाला, “आई, मी तेराव्यालासुद्धा तो जोक...”

“मीही हसलेच की.”

निवेदिता उठून आजीच्या पायाशी येऊन बसली. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीतच. “आजी, वी डोन्ट हॅव टु वॉच इट. रियली.”

“नाही गं. लाव. मला शेवट बघायचाय. जिथल्या तिथे.”

यतीनने सिनेमा सुरू केला. नायिकेचा उचललेला पाय वरच्या पायरीवर टेकला. मंदाताईंनी गोष्ट सोडली आणि उजव्या कोपऱ्यावर नजर लावली. सहावं रीळ संपत आलं असणार. आता ठिपका येईल.

आला नाही. सिनेमा नव्याने धुताना ओरखड्यांबरोबर तोही पुसून टाकला होता. प्रसंग बदलला, धक्क्यावर कंदील दिसू लागला, आणि मंदाताईंचं बोट शालीवरून उचललं गेलं, ते तसंच अधांतरी राहिलं.

यतीनने ते पाहिलं. तो हसला नाही.

सिनेमा पुढे चालत राहिला. रीळ बदलायला कुणाला उठावं लागलं नाही.