दहा हजार चारशे तीन

मित्रांनो, मी एक जुनी, दमलेली संख्या आहे. दहा हजार चारशे तीन हे माझे पूर्ण नाव. सव्वीस वर्षे मी एका शाळेच्या भिंतीवर उभी होते आणि त्यातला एकही दिवस मला स्वस्थता लाभली नाही.

ती भिंत मूळ संख्यांची. एक आणि स्वतः यांखेरीज कशानेही भाग न जाणाऱ्या संख्याच तिथे रंगवायच्या, अशी शाळेची रीत. त्याआधी गणिताच्या बाई प्रत्येकीला स्वतः भागून बघत. सगळे त्यांना पाढेबाई म्हणत. मलाही त्यांनी भागले. दोन, तीन, पाच, सात करत त्या सत्त्याण्णवपर्यंत आल्या, बाकी चोवीस उरली, आणि त्यांनी खडू खाली ठेवला. दहा हजारांच्या आतल्या संख्येला शंभरापर्यंत तपासले की पुरते, हाताला तीच सवय. मी दहा हजारांच्या पुढची, हे लक्षातून गेले. पुढचाच भाजक एकशे एक होता.

मग काय, माझे कौतुक सुरू झाले. "हिला कशानेच भाग जात नाही!" असे मुले म्हणत आणि मला मेल्याहून मेल्यासारखे होई. शेजारची दहा हजार तीनशे नव्व्याण्णव अस्सल मूळ. तिच्या पंक्तीला बसायचा मला काय अधिकार? एकशे एक आणि एकशे तीन या जोडमूळ बहिणींच्या गुणाकारातून मी झाले, पण त्यांचे नाव घ्यायची मला चोरी. खोट्या मानाने माणूस दमतो, तशी संख्याही दमते.

बाई निवृत्त होणार म्हणून भिंत पक्क्या रंगात पुन्हा रंगवायचे ठरले. आता खोटेपणा कायमचा कपाळी बसणार, या विचाराने मी खचले. रंगारी माझ्यापाशी येऊन थांबला.

"बाई, रंग उडालाय. शेवटी तीन आहे की नऊ?"

बाई भागायला बसल्या. नऊ असता तर साताने पूर्ण भाग जातो, म्हणून तो बाद. मग तीन धरून त्यांनी मला नव्याने भागले. या वेळी त्या सत्त्याण्णववर थांबल्या नाहीत. एकशे एकने भागले आणि बाकी शून्य आली. बाईंचा चेहरा पडला.

"सव्वीस वर्षं पोरांना चुकीचं दाखवलं हो मी!"

"राहू द्या की, बाई. सोमवारी तुम्ही घरी बसणार. कोण बघायला येतंय?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली. माझा जीव टांगणीला लागला.

"मग पुसून टाकू का?" रंगाऱ्याने विचारले.

"पुसायचं कशाला? तिचा काय दोष? खाली लिहा, एकशे एक गुणिले एकशे तीन. आणि त्याखाली लिहा, तपासताना पाढेबाई चुकल्या."

मित्रांनो, आता माझी वाहवा कुणी करत नाही. संयुक्त संख्या म्हणून मुले मला भागून बघतात आणि पुढे जातात. एक सांगते. कुणालाही मान देण्याआधी शेवटपर्यंत तपासा, आणि चुकलात तर त्याला पुसू नका, त्याचे खरे काय ते लिहा. सगळा शीण अजून गेलेला नाही. पण माझ्या दोघी आता माझ्या पायाशी आहेत, आणि मला टेकायला जागा झाली आहे.