लाल बॅग मस्कतला गेली

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे, पायानं चालवायची. नेरळला एका छोट्या खोलीत खिडकीखाली माझी जागा आहे. बिलकिसच्या वडिलांनी कर्जतच्या दुकानातून मला तिच्या लग्नात आणलं. तिचा नवरा लवकर वारला. मग गणवेश, ब्लाउज, बुरखे असं काय काय माझ्यावर शिवून तिनं लेकीला, इल्माला वाढवलं. "काय सुबक टाका पडतो गं तुझ्या मशीनचा!" असं बायका म्हणायच्या, तेव्हा मी फुलून जायची.

पुढे नेरळात इमारती उठल्या, त्यांच्याखाली तयार कपड्यांची दुकानं आली आणि माझ्यावर चादर पडली. एक दिवस हर्षद आला. परदेशी कामाला बायका पाठवणाऱ्या एजन्सीचा तो माणूस. मस्कतला घरकाम, दोन वर्षांचा करार. बिलकिसनं लाल बॅग आणली, चार चाकांची. चाक मलाही आहे, पण ते जागच्या जागी फिरतं. ती बॅग बिलकिसचा हात धरून दाराबाहेर पडली, तेव्हा माझा नुसता जळफळाट झाला.

फोनवर बिलकिस मस्कतच्या मालकिणीच्या बाळाचं कौतुक सांगायची. ते तिच्याच कुशीत झोपायचं म्हणे. इल्मा लगेच विषय बदलायची. तिलाही माझ्यासारखंच होत असावं.

करार अर्धाही झाला नव्हता आणि बिलकिस अचानक परतली. "घरवाल्यांना तू नकोस," एवढं सांगून एजन्सीनं तिला विमानात बसवलं होतं. ती रडत होती, मी मात्र खूश. आता ती माझीच! पण माझ्यावरची चादर काही निघाली नाही.

"बाळ मला शोधत असंल गं इल्मा," ती सारखी म्हणायची.

शेवटी तिनं मालकिणीलाच फोन लावला. मालकीण चकित झाली. "तूच लेकीसाठी घरी जाते म्हणालीस ना? एजन्सीनं तसंच सांगितलं. लगेच दुसरी बाई पाठवली."

एजन्सीनं दोन्हीकडे खोटं सांगितलं होतं. नवी बाई म्हणजे नवं कमिशन. बिलकिसनं मुंबईच्या सरकारी कार्यालयात तक्रार केली. हर्षद धावत घरी आला.

"ताई, स्वखुशीनं आले असं लिहून दे. तुला दुबईला पाठवतो."

मी धास्तावले. पुन्हा ती बॅग!

"आन् तितनं कवा काढनार?" बिलकिसनं विचारलं.

"अगं, मिटव ना आता!"

"मी सोताहून नाय आले. तुमी मला काढलं, ते पन खोटं बोलून. हे साहेबांसमोर बोला."

सुनावणीत मालकीण फोनवरून खरं बोलली. बिलकिसला बेकायदा काढलं, असं ठरलं. उरलेल्या कराराची भरपाई एजन्सीला द्यावी लागली. घरी आल्यावर बिलकिस पोटभर जेवली आणि दुसऱ्या सकाळी तिनं मला तेल घातलं.

तरी मित्रांनो, माझा मत्सर सरलेला नाही. परवा लोधिवली गावची मेघा आली. ती कुवेतला निघालीय. अर्धी शिवण माझ्यावर तशीच टाकून बिलकिस तिच्याशी बोलत बसली. "मालकिणीचा नंबर आधी घे गं. निस्त्या एजन्सीवर राहू नको." किती वेळ! मी धुमसत ऐकत होते.

पण एक मागणं आहे. तुमच्या घरातलं कोणी परक्या घरी राबायला गेलं, तर त्याची रोज खबर घ्या. आणि ते अचानक परत आलं, तर 'तुझं काय चुकलं' असं त्याला विचारू नका. ज्यानं काढलं, त्याला विचारा.